मदत हवी आहे: अमेरिकन फोक-कंट्रीची प्लेलिस्ट

नमस्कार मंडळी, फोक, कंट्री आणि अमेरिकाना (या दोन्हींच्या मुळांवर उभं असलेलं अमेरिकन संगीत) अशी एकसंध प्लेलिस्ट लावतेय. सुरुवात अमेरिकेतल्या ब्रिस्टल शहरात 1927मध्ये झालेल्या कंट्री गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांपासून. त्यातली मेबेल कार्टरची गिटार मला फार आवडते: अंगठ्याने जाड तारांवर चाल, बोटांनी बारीक तारांवर ठेका! पण पुढचं गाणं आजच्या काळातल्या गायिका गिलियन वेल्चचं लागलं की आवाज एकदम चढतो. जुनी खरखर जरा कमी केलेली, पण गिटारचा जीव न घालवलेली आवृत्ती कोणती घ्यावी?

दुसरं, बँजोची मुळं आफ्रिकेतली, तरी माझ्या यादीत कृष्णवर्णीय बँजोवादक म्हणून आजच्या गायिका रिअॅनन गिडन्स एकट्याच आहेत. हे मला खटकतं. 1920-30च्या दशकांतले कोण ऐकावेत? नावं आणि गाणी दोन्ही सुचवा, प्लीज.