जर्मनीत एका पगारात चौघांचं भागेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वाळूजला डिझाइन इंजिनिअर आहे. लाइपझिगची ऑफर आलीय, वर्षाला ४८,००० युरो ग्रॉस. इथे बायकोचाही पगार येतो, घर स्वतःचं, ज्वारी-तूर अंबडच्या शेतातून. तिथे सगळंच विकत. टॅक्स क्लास ३ (जोडप्यात एकच कमावत असेल तर दरमहा कमी कर कापला जाणारा वर्ग) धरला तर हाती महिना तीन हजारांच्या आसपास. वर किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २०२५ च्या दराने मुलामागे महिना २५५ युरो. घरभाड्यात हीटिंग धरलं तरी वीज, इंटरनेट बहुधा वेगळंच, शिवाय डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत! शाकाहारी चौघांचा किराणा किती होतो? आई-बाबांना दरमहा पैसे पाठवायचेत, ते निघतील का? की आधी मी एकट्यानेच जावं? तिकडे राहणाऱ्यांनी खरे आकडे सांगा, प्लीज.