विनोदी लघुपट: रफ कट परक्या माणसांना दाखवावा की नाही?

पंचगंगाकाठ

कोल्हापुरात सध्या पेठेपेठेत लघुपट निघतायत आणि त्यातले बरेचसे विनोदी असतात. कॅमेरा मोबाईलचा, लोकेशन कुणाच्यातरी मामाचं घर, आणि गणपतीच्या सजीव देखाव्यांत काम करून तयार झालेली पोरं हाताशी असतातच. इथपर्यंत सगळं जमतं. घोडं अडतं ते पिक्चर जोडून झाल्यावर. ग्रुपवर टाकला की 'लई भारी भावा', 'नाद खुळा', टाळ्या, फुलं. स्पर्धेला पाठवला तर निकाल कळतो, कारण कळत नाही. विनोद कुठं लागला आणि कुठं पडला, हे करणाऱ्याला कुणीच सांगत नाही.

माझं मत सरळ आहे. फायनल करायच्या आधी रफ कट, म्हणजे कच्चा जोडलेला पिक्चर, आठ-दहा परक्या माणसांना एकत्र बसवून दाखवावा. परकी म्हणजे ज्यांनी संहिता वाचलेली नाही आणि ज्यांच्या घरातलं कुणी त्यात काम करत नाही. पेठेतल्या तालीम मंडळाचा हॉल मागून घ्या, प्रोजेक्टर लावा, लाइट घालवा. प्रस्तावना करू नका. 'आवाजाचं काम अजून व्हायचंय' एवढंही बोलू नका, कारण ते ऐकलं की लोक सांभाळून घ्यायला लागतात. दिग्दर्शकानं बाजूला बसावं आणि पडद्याकडं न बघता माणसांकडं बघावं.

कोपऱ्यात एक मोबाईल ठेवून हॉलचा आवाज रेकॉर्ड करा. नंतर तो ट्रॅक एडिटिंगच्या टाइमलाइनवर पिक्चरच्या खाली लावला की हशा कुठं आला, किती टिकला, पुढचं वाक्य त्यात बुडालं का, सगळं समोर येतं. तोंडी अभिप्रायात माणूस भीड धरतो, हशात धरत नाही.

संपल्यावर 'आवडलं का' विचारू नका. 'गोष्ट काय होती, सांगा' म्हणा. पुतण्याला लोक मुलगा समजून बसले असतील तर तिथंच रोग सापडला. पंच, म्हणजे हशाचं वाक्य, पडला की आपण पंचच बदलत बसतो. खरी गडबड बहुतेक वेळा त्याच्या आधी असते, माणूस कोण आणि त्याला काय हवंय हेच पोचलेलं नसतं.

टाइमलाइनवाला

मी लग्नांचं आणि लघुपटांचं एडिटिंग करतो. मला हे पटत नाही. हॉलमधला हशा फसवा असतो. एकजण मोठ्यानं हसला की शेजारचा हसतो, मग मागची रांग. तुमचा पिक्चर शेवटी बघितला जाणार कुठं? केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं, मोबाईलवर, एकट्यानं, बऱ्याचदा आवाज बंद ठेवून. हशा ओसरावा म्हणून पंचनंतर तुम्ही दोन सेकंद मोकळे सोडले तर हॉलमध्ये ते शोभतात. मोबाईलवर ते मेलेले वाटतात आणि अंगठा वर सरकतो.

त्यापेक्षा यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, टाका आणि लिंक परक्यांना द्या. कितव्या सेकंदाला लोक सोडून गेले याचा आलेख यूट्यूब स्टुडिओत दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात किती टिकले तेही दिसतं. नावांच्या पाट्या, ड्रोनचा रंकाळा, सूर्यास्त, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात भरणाऱ्यांनी तो आलेख एकदा बघाच.

पंचगंगाकाठ

दादा, ड्रोनच्या रंकाळ्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण आलेख माणूस कधी गेला ते सांगतो, का गेला ते नाही. विनोद पडला, आवाज ऐकू आला नाही, की आईनं जेवायला हाक मारली? शिवाय पंधरा-वीस जणांच्या बघण्यावर काढलेल्या आलेखाला अर्थ नसतो, आणि पिक्चर लोकांपुढं जाण्याआधी आपल्याकडं तेवढेच तर असतात.

मोकळ्या सेकंदांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणून पंचनंतर ऐकणाऱ्याचा चेहरा टाका. हॉलमध्ये हशा त्या चेहऱ्यावरून निघून जातो, मोबाईलवर तो चेहराच दुसरा विनोद होतो. फक्त शूटिंगच्या वेळी तो क्लोजअप घेतलेला पाहिजे.

देखाव्यातला

'शूटिंगच्या वेळी घेतलेला पाहिजे' म्हणालास, तिथंच माझं भांडण हाय भावा. रफ कट म्हंजे लई उशीर. आमी देखावा करतो तवा एका रात्रीत तोच खेळ पुन्ना पुन्ना हुतो. पयल्या खेळाला पडलेलं वाक्य तिसऱ्या खेळापतूर बदललेलं आसतंय. तमाशातला सोंगाड्या बी बतावणीत त्येच करतो, म्होरं बसलेल्या माणसांचा अंदाज घिऊन बोलतो. पिक्चरला ही सोय न्हाई. एकदा शूटिंग उरकलं, मामाच्या घराची किल्ली परत दिली, की तुझ्या रेकॉर्डिंगात कितीबी कळू दे, करणार काय?

हॉलिवूडच्या मार्क्स बंधूंनी १९३५ सालच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'तले प्रसंग शूटिंगच्या आधी स्टेजवर, तिकीट काढून आलेल्या माणसांम्होरं करून बघितले. हशा किती टिकतो ते तपासलं, मग कॅमेरा लावला. एवढ्या मोठ्या माणसांना ते करावं वाटलं, आनि आमची पोरं संहिता व्हॉट्सॲपवर पाठवून डायरेक्ट लोकेशनवर भेटत्यात. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळालं, त्याचं दुःख हायच. पर संहितेच्या वाचनाला नाट्यगृह लागत न्हाई, गच्ची पुरते. अभिप्राय घ्यायचा तर तिथं घ्या.

पंचगंगाकाठ

वाचन करावंच, त्यात वाद नाही. पण वाचनात हशा नट मिळवतो, पडद्यावर त्यात कॅमेऱ्याचाही वाटा असतो. गच्चीवर सगळी गडगडाटी हसलेलं वाक्य पडद्यावर थंड पडतं, कारण कॅमेरा चुकीच्या माणसावर आहे, किंवा पंख्याच्या आवाजात शेवटचा शब्द गेलाय आणि नेमका तोच शब्द विनोदाचा आहे. हे गच्चीवर कळायला मार्ग नाही.

नववी गल्ली

तुम्ही दोघं तालीम का गच्ची यावर भांडताय. माझा प्रश्न वेगळा आहे. तिथं जमणार कोण? पोरंच.

आपल्याकडच्या हौशी विनोदी लघुपटांत बायकोचा मार, सासूचा त्रास, जाड मुलगी बघायला गेलेला पोरगा आणि साडी नेसलेला मित्र एवढं सोडून फारसं काही नसतं. पोरांनी भरलेला हॉल त्याला हसतो. मग दिग्दर्शकाची खात्री पटते की हे चालतं, आणि पुढच्या पिक्चरला तेच दुप्पट. अशाच एका शोला मी मागं बसले होते. आमच्या रांगेतल्या बायका शेवटपर्यंत हसल्या नाहीत. नंतर चर्चा झाली, माईक फिरला, पण आमच्यापर्यंत आला नाही.

तुमच्या त्या मोबाईलमध्ये हशा येईल. गप्प बसलेल्या बाईचा आवाज त्यात कसा येणार? आठ-दहा माणसं म्हणताय ना, मग त्यात निम्म्या बायका पाहिजेत, आणि त्यातल्या दोन तरी पन्नाशीच्या पुढच्या. जिच्यावर विनोद केलाय तिला हसू आलं तर तो विनोद टिकेल, हे मी तुम्हाला लिहून देते.

पंचगंगाकाठ

ताई, मान्य. रेकॉर्डिंगला गप्प माणूस सापडत नाही. म्हणून दिग्दर्शकानं माणसांकडं बघत बसावं असं मी म्हटलं, पण हॉलमध्ये कोण बसवायचं हे आधी ठरवणं त्याहून महत्त्वाचं आहे.

याला जोडून एक. शिवी आली की हॉल हसतोच. तो हशा हिशोबात धरू नये. शिवी काढून तोच प्रसंग दाखवा, मग कळेल खाली विनोद होता का.

जुनं रीळ

तुम्ही सगळे मिळून विनोदाची धार घालवायला निघालाय. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, त्या गावात कलाकारानं दहा जणांना विचारून पिक्चर कापायचा?

१९३६ मध्ये इथं हंस पिक्चर्स निघाली आणि १९३८ मध्ये मास्टर विनायकांनी अत्र्यांच्या कथेवर 'ब्रह्मचारी' केला. मीनाक्षी शिरोडकर त्यातल्या एका गाण्यात पोहण्याच्या पोशाखात आल्या, केवढी खळबळ उडाली. त्या काळात तालमीत आठ-दहा माणसं बसवून विचारलं असतं तर पहिली सूचना काय आली असती? ते गाणं काढा. विनोदानं माणसाला टोचलंच पाहिजे, आणि टोचलेला माणूस अभिप्रायात 'हे नको' असंच म्हणतो. करणाऱ्यानं स्वतःच्या कानावर विश्वास ठेवावा.

पंचगंगाकाठ

काका, टोचलेला हॉल आणि गोंधळलेला हॉल यात फरक असतो, आणि तो समोर बसलं की दिसतो. टोचलेली माणसं खुर्चीत हलतात, एकमेकांकडं बघतात, चहाच्या वेळी भांडतात. गोंधळलेली माणसं मोबाईल काढतात. मी गोंधळ काढा म्हणतोय, टोचणी काढा असं म्हणत नाही. आणि विनायकांच्या हाताखाली स्टुडिओ होता, मुरलेले तंत्रज्ञ होते, रोज कुणीतरी जाणकार रशेस, म्हणजे त्या दिवशीचं शूटिंग, बघत होता. आपल्या पोराला शनिवारी रात्री खोलीत एकट्यानं एडिट करताना कोण आहे? तोच विनोद वरचेवर बघून त्याचा कान बधिर झालेला असतो.

जुनं रीळ

हे शेवटचं पटतं. बाकीचं पटत नाही. टोचणीला लोक 'कळलं नाही' असंही म्हणतात, ते ओळखायला मुरलेला माणूस लागतो.

कृष्णाकाठचा सांगलीकर

एक सुचवतो. त्या हॉलमध्ये एकतरी कोल्हापूरबाहेरचा बसवा. पेठांच्या फुटबॉलमधली इर्षा घेऊन केलेला विनोद शाहू स्टेडियमवर जाणाऱ्याला पोट धरून हसवतो. आम्हाला फक्त दोन पोरं आरडाओरडा करताना दिसतात.

देखाव्यातला

पावणं, सगळंच सांगलीला कळायला पायजे आसं कुटं हाय? आमच्या पेठेसाठी केलेला पिक्चर पेठेला हसवला की झालं.

कृष्णाकाठचा सांगलीकर

मग स्पर्धेला पुण्याला पाठवून नंबर आला नाही म्हणून रुसू नका. इर्षा कशावरून आहे हे एका वाक्यात आधी कळलं तर आम्हीही हसू. संदर्भ काढा म्हणत नाही, दार उघडा म्हणतोय.

टाइमलाइनवाला

वर कुणी न मांडलेली अडचण सांगतो. परका माणूस एकदाच परका असतो. पहिला रफ कट बघितला की विनोद त्याला कळला, दुसऱ्या कटला त्याच्या हशाचा उपयोग नाही. आणि कोल्हापुरात पिक्चर करणाऱ्यांना परकी माणसं सापडणं किती अवघड आहे हे सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येकजण कुणाचातरी भाऊ निघतो. पहिल्या, कच्च्या कटलाच दहाच्या दहा खर्च करू नका. चार जणांना बोलवा, गोंधळ काढा, मग उरलेल्या सहांना सुधारलेला दाखवा. हॉलमध्ये दाखवा हे मी अजूनही म्हणणार नाही. त्या सहांच्या हातात एकेक मोबाईल द्या, वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, आणि दारातून बघा.

नववी गल्ली

आणि त्या सहांत तीन बायका.