मदत हवी आहे: आई बहिणीला गर्भाशय देणार आहे, देणारीला पुढे काय त्रास होतो?

नमस्कार. आम्ही तासगावचे. धाकट्या बहिणीला जन्मतः गर्भाशय नाही, बीजकोश ठीक आहेत. पाळी येईना म्हणून मिरजेत सोनोग्राफी केली तेव्हा कळलं. आता लग्न होऊन चार वर्षं झालीत आणि पुण्यात प्रत्यारोपणाची चौकशी चालू आहे. मी देते म्हटलं तर आईने (वय ४९) मलाच गप्प केलं. "तुझी पोरं लहान हायती. माझी पिशवी आता काय लोणच्यात घालायची हाय व्हय?"

बहिणीच्या गोळ्या, खर्च, बाळ, सगळ्यावर घरात चर्चा होते. आईचं काय, हे कुणी विचारत नाही. मावशी म्हणते, गल्लीत चौघींनी पिशवी काढलीय, काय झालं त्यांना? पण हे ऑपरेशन तसलं नाही ना! नेहमी रक्तवाहिन्या गर्भाशयापाशीच बांधून कापतात. इथे त्या पुन्हा जोडायच्या, म्हणून लांबपर्यंत अखंड सोडवाव्या लागतात आणि मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) अगदी त्यांना लागून. स्वीडनमध्ये २०१२-१३ साली ज्या ९ जणींनी गर्भाशय दिलं, त्यांची ऑपरेशनं १० ते १३ तास चालली. एकीला मूत्रवाहिनीतून योनीमार्गात लघवी झिरपू लागली, ते पुन्हा ऑपरेशन करून दुरुस्त करावं लागलं. शिवाय ९ पैकी २ गर्भाशयं काही महिन्यांतच काढावी लागली. म्हणजे देणारीने सोसलं ते वाया. आई हे कसं पचवेल?

पुण्यात २०१७ साली देशातलं पहिलं प्रत्यारोपण झालं, त्यातही सोलापूरच्या मुलीला आईनेच दिलं होतं. तिथे दुर्बिणीतून काढलं, एवढा धीर आहे.

माझ्या वेळी आईचं सीझर झालं होतं, त्याने आत चिकटलेलं असेल तर अवघड जातं का? आणि बागेतलं काम कधी करता येईल? ती बसून राहणारी नाही.

प्रतिसाद १: ताई, मी मिरजेत नर्स आहे. सीझरचं आधीच सांगा, मूत्राशय चिकटलेलं असू शकतं. बीजकोश ठेवणार का, हे लेखी विचारा. पाळी चालू असताना दोन्ही काढले तर घाम, झोपमोड, हाडं ठिसूळ, सगळं एकदम मागे लागतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून लवकर चालवतात. पोटरी सुजली, दम लागला तर थांबू नका. जड उचलणं बरेच आठवडे बंद. आणि आईला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या, तुम्ही दोघी बाहेर बसा. लेकीसमोर कुठली आई नाही म्हणेल?

धागाकर्ती: हे सुचलंच नव्हतं. काल आईला म्हटलं, तू एकटीच आत जायचं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "छाटणी उरकू दे, मग बघू." पहिल्यांदाच "बघू" म्हणाली.