बार कोर्स आणि प्युपिलेजच्या मध्ये वर्षभर थांबणं: चैन कुठली?

हॅरोची आई:
काल ‘न्यायप्रिय’ यांनी लिहिलं, की विलायतेत बॅरिस्टर व्हायचा बार कोर्स झाल्यावर, प्युपिलेजच्या म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालच्या वर्षभराच्या उमेदवारीच्या आधी, मध्ये वर्ष काढणं ही श्रीमंतांच्या पोरांची चैन, आणि एकदा लय गेली की पोरं पुन्हा पुस्तकाला हात लावत नाहीत. रात्री सोडून दिलं, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं.

अहो, आधी कॅलेंडर तरी बघा! प्युपिलेजचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, ऑफर मे महिन्यात, आणि बरीच चेंबर्स (बॅरिस्टरांची ऑफिसं) हजर व्हायला सांगतात ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. कोर्स चालू असताना ऑफर आली तर मधलं वर्ष पदरात पडतंच, मागावं लागत नाही. माझ्या लेकीचं तेच झालं. तिची चैन सांगते. अपंगत्वाच्या भत्त्याची अपिलं तिने ट्रायब्यूनलमध्ये (न्यायाधिकरणात) फुकट लढवली. एका बाईंचे कागद किराणाच्या पिशवीत आले होते. तारखा उलटसुलट, निम्मी पाकिटं न फोडलेली, एकावर पोराने काढलेला हत्ती. ते सगळं डायनिंग टेबलावर तारीखवार लावत बसली होती. कोर्समधल्या सरावाच्या खटल्यांत न फोडलेली पाकिटं नसतात.

न्यायप्रिय:
ताई, तुमच्या लेकीच्या हातात ऑफर होती. मी बोलत होतो ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांच्याबद्दल. वर्षाला प्युपिलेजच्या जागा साधारण पाचशे-सहाशे, कोर्स करून बसलेले त्याच्या कितीतरी पट. पाच वर्षांत प्युपिलेज सुरू झालं नाही तर कोर्स शिळा धरतात.

माझा भाचा पुण्याहून गेला. फीसाठी बहिणीने फ्लॅटवर कर्ज काढलं. ‘एक वर्ष अनुभव घेतो’ म्हणाला. ग्रॅज्युएट व्हिसाची (शिक्षणानंतर तिकडे काम करायला मिळतात ती) दोन वर्षं गोदामात रात्रपाळ्या करण्यात गेली, अर्ज भरायच्या वेळी डोळे उघडे राहत नव्हते. आता बाणेरला एका कंपनीत काँट्रॅक्ट तपासतो.

आणि अशिलाचे कागद डायनिंग टेबलावर? गोपनीयता कोर्सला नव्हती वाटतं.

हॅरोची आई:
नाव मी वाचलेलं नाही. हत्ती दिसला, तो दिसणारच. भाच्याला खाल्लं कर्जाने आणि व्हिसाने, खापर वर्षावर कशाला?

सोलापुरी सनद:
तुमचं भांडण वाचून मजा आली. 2025 मध्ये तिकडे शिकाऊ बॅरिस्टरला वर्षाला किमान 24,203 पौंड द्यावे लागत होते लंडनमध्ये, बाहेर 22,019. परत वाचा, द्यावे लागतात!

माझं सनद घेऊन तिसरं वर्ष. सकाळी साहेबांची बॅग, मग कोर्टाचा बोर्ड (दिवसाच्या खटल्यांची यादी) बघा, पुकारा झाला की ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत’ म्हणत उभे राहा, दुपारी नकलेच्या अर्जाला रांग, संध्याकाळी टायपिंग. हातात पडतं ते पेट्रोलला जातं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्या. पण ती शिफारस! साहेबांनी ते परिपत्रक मलाच फॉरवर्ड केलं, खाली हसणारा इमोजी. वर मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने जेएमएफसीच्या (कनिष्ठ न्यायाधीशाच्या) परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. म्हणजे फुकट राबणं हीच आता पात्रता. आम्ही गॅप कशातून घ्यायचा?

काळा कोट:
आमच्या सिनियरने आम्हाला चहा दिला, बाकी काही नाही. बसायला जागा, लायब्ररी, पक्षकारांच्या ओळखी हे कोणी मोजत नाही. हल्लीच्या पोरांना साधा मुदतीचा अर्ज लिहिता येत नाही आणि पहिल्याच महिन्यात स्टायपेंड विचारतात. तालुक्याच्या वकिलाला पक्षकारच फी हप्त्याने देतो, त्याने पंधरा हजार कुठून काढायचे?

सोलापुरी सनद:
पक्षकारांच्या ओळखी? पक्षकार आला की साहेब मला झेरॉक्सला पाठवतात.

काळा कोट:
मग सोडा. तुमच्या खुर्चीसाठी दहा जण उभे आहेत.

सोलापुरी सनद:
खुर्ची कुठली? स्टूल आहे. आणि ते दहा जण दोन वर्षांत कंटाळून जातील, राहतील ती वकिलांचीच पोरं. नंतर परिसंवादात हळहळायचं, की गरिबाघरची मुलं न्यायव्यवस्थेत दिसत नाहीत!

हॅरोची आई:
धागा विलायतेचा होता हो...

वाचनवेडा:
विलायतेचंच सांगतो. बाबासाहेबांनी 1916 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये (बॅरिस्टरांच्या संस्थेत) नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, 1920 मध्ये पुन्हा लंडन, 1922 मध्ये बॅरिस्टर. लय तुटली का?

न्यायप्रिय:
प्रत्येक वादात बाबासाहेबांना साक्षीला आणू नका. त्यांना पैशापायी परतावं लागलं, हौसेने थांबले नव्हते. पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा पुन्हा जाता आलं. माझा मुद्दाच तो, थांबण्याची किंमत कोणीतरी मोजतो.

वाचनवेडा:
काल ‘चैन’ म्हणत होतात. आज किंमत मोजायला लागलात, प्रगती आहे.

सेकंड सिक्स:
मी सध्या प्युपिलेजच्या दुसऱ्या सहामाहीत आहे, म्हणजे सुपरवायझरच्या मागे फिरणं संपलं, आता स्वतः उभी राहते. संध्याकाळी सहाला चेंबर्सच्या क्लार्कचा निरोप येतो, उद्या सकाळी अमुक मॅजिस्ट्रेट कोर्ट. मधल्या वर्षी सॉलिसिटरच्या ऑफिसात पॅरालीगल (सहायक) होते, तेव्हा हीच ब्रीफ (खटल्याचे कागद) घाईघाईत पाठवणारी मी असायची. कुठलं पान राहून जातं ते आता फाईल उघडताच कळतं.

पण न्यायप्रियांचं एक खरं आहे. ट्रायब्यूनलमध्ये फुकट काम परवडतं ते आईच्या घरी जेवणाऱ्याला. लंडनचं भाडं भरणाऱ्याला ऑफरविना एक वर्षसुद्धा जड जातं. आणि ऑफर हातात आल्यावर ‘एक वर्ष पुढे ढकला’ म्हणणं निराळं. माझ्या मैत्रिणीने जग फिरायला म्हणून विचारलं, चेंबर्सनी सरळ नाही सांगितलं.

सोलापूरकर, किमान रक्कम वर्षभरच असते. टेनन्सी (चेंबर्समध्ये कायमची जागा) मिळाली की स्वतःचा धंदा, पगार बंद. 2022 मध्ये क्रिमिनल बॅरिस्टर संपावर गेले ते फीसाठीच.

सोलापुरी सनद:
संप करण्याइतकी फी तरी होती.

न्यायप्रिय:
ठीक. ऑफर हातात असेल, राहायला आईचं घर असेल आणि आई लंडनच्या हॅरोत असेल, तर खुशाल थांबा. ‘चैन’ हा शब्द मात्र मागे घेणार नाही.

हॅरोची आई:
मोठे उपकार झाले.

काळा कोट:
स्टायपेंडचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर न्या, इथे विषय बिघडतोय.

सोलापुरी सनद:
काढलाय धागा. पहिल्याच ओळीत तुम्हाला विचारलंय, तुमच्या ज्युनियरला महिन्याला किती देता? या, वाट बघतोय.