आजची चैन उद्या सर्रास होईल का?

पहाटवारा: १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा कळस चढवला, जेमतेम २.८ किलोंचा. तेव्हा हा धातू चांदीच्या तोलाचा होता. दोनच वर्षांत विजेच्या साहाय्याने तो वेगळा करायची रीत सापडली, आणि आज पोळीभोवतीचा त्याच धातूचा कागद आपण चुरगाळून फेकतो. माणसाच्या जनुकांचं पहिलं वाचन २००३मध्ये पूर्ण झालं. त्या प्रकल्पाला १३ वर्षं आणि सुमारे २७० कोटी डॉलर लागले. आता एका माणसाचं वाचन हजार डॉलरच्या आत होतं. माझ्या मते ज्याच्या-त्याच्या शरीराप्रमाणे औषधोपचार ही चैन आपल्या नातवंडांच्या काळात उरणारच नाही.

कोरापाट: वाचन स्वस्त झालं, इलाज कुठे झाला? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक बदलण्याच्या उपचाराला २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. प्रत्येक रुग्णाच्याच पेशी काढायच्या, बदलायच्या, परत सोडायच्या. एकाची खटपट दुसऱ्याच्या कामी येत नाही. कारखान्यातून हजारोंनी निघतं ते स्वस्त होतं, बाकीचं नाही.

आणि खरी चैन म्हणजे दुसऱ्या माणसाचा वेळ. आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही रात्रीसाठी एक परिचारिका ठेवली होती. दर दोन तासांनी ती आईची कूस बदलायची, पाठीखाली हात घालून आधी हळूच विचारायची, "वळायचं का आजी?" तीन आठवड्यांनी पैसे संपले आणि मग आम्ही भावंडं आळीपाळीने जागलो. तिची रात्र कुठलं यंत्र निम्म्या वेळात उरकणार?

पहाटवारा: आईंचं वाचून गलबललं. परिचारिकेचं म्हणणं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण इलाज महाग तो महागच राहतो, हे पटत नाही. डायलिसिस बघा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटलमध्ये यंत्रं इतकी थोडी होती की कोणाला उपचार द्यायचे हे नागरिकांची समिती ठरवायची, बाकीचे मरायचे. १९७२मध्ये अमेरिकेने कायदा करून हा खर्च सरकारी विम्यात घेतला. त्यासाठी यंत्र फुकट व्हायची वाट बघितली नाही.

कोरापाट: म्हणजे आपोआप सर्रास होत नाही, कोणीतरी करावं लागतं. हे तुमच्या पहिल्या लेखनात नव्हतं. तसाच कायदा रात्रीच्या परिचारिकेसाठीही मागूया, मी तुमच्या बाजूने येतो.