मदत हवी आहे: पोटॅशियम सतत कमी, आता क्रिएटिनिनही वाढतंय

बहिणीला (वय ३८) श्योग्रेन सिंड्रोम आहे (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर, मुख्यतः लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते तो आजार). चार महिन्यांपूर्वी सकाळी उठायला गेली तर पायच उचलेनात; पोटॅशियम २.६ निघालं. बायकार्बोनेट १५, लघवीचा पीएच ६.८. निदान: डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस (किडनी लघवीतून आम्ल नीट बाहेर टाकत नाही, म्हणून ते रक्तात साठतं). सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत कॅल्शियमचे कण दिसले.

उलट्या, जुलाब नाहीत, लघवी वाढवणारी गोळी नाही, मॅग्नेशियम नॉर्मल. बीपीही ठीक. पोटॅशियम सायट्रेटचं सिरप पाण्यात मिसळून दिवसातून तीनदा चालू आहे (चव भयंकर, पण एकही डोस चुकवत नाही). पोटॅशियम ३.४ च्या वर जात नाही. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठते. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) मात्र ०.८ वरून १.४ झालंय आणि खरी भीती त्याचीच आहे.

किडनीचे डॉक्टर बायोप्सी करू म्हणतात. संधिवाताचे म्हणतात, थेट स्टेरॉइड सुरू करू. डोस इथे विचारत नाही, तो डॉक्टरच ठरवतील. पुढच्या आठवड्यात निर्णय द्यायचाय.

ज्यांनी हे अनुभवलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांना विचारते: हे नुकसान दीर्घकाळ पोटॅशियम कमी राहिल्यामुळे झालंय की आजारानेच किडनीला सूज आलीये, हे बायोप्सीशिवाय कळतं का? आणि बायोप्सीनंतर तुमचे उपचार खरंच बदलले का?