मदत हवी आहे: वॉटर बबलवाल्या अरॅक्वॅनिडला बर्न होतोच कसा? (पोकेमॉन सोर्ड)

पाणकोळीण

नमस्कार मंडळी, पोकेमॉन सोर्ड खेळतेय, सिरीजमधला माझा हा पहिलाच गेम, आणि तिसऱ्या जिमला (प्रमुखाला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा टप्पा) म्हणजे आगवाल्या काबूपाशी येऊन जाम अडकलेय.

माझ्याकडे अरॅक्वॅनिड आहे, तोच तो पाण्यातला कोळी, डोक्यावर पाण्याचा भलामोठा फुगा घेऊन फिरणारा. सरप्राइज ट्रेडमध्ये (अनोळखी खेळाडूशी आंधळी अदलाबदल) लेव्हल १ चा ड्यूपायडर, म्हणजे याचंच लहान रूप, मिळाला होता, दिसायला इतका गोड की स्टार्टरला (सुरुवातीला मिळतो त्या पोकेमॉनला) बाजूला ठेवून यालाच वाढवलं. २२ ला इव्हॉल्व्ह झाला, आता २६ आहे. दुसऱ्या जिमच्या पाणीवाल्या नेसाला तर यानं एकट्यानं लोळवलं, काही वाटलंच नाही. म्हटलं पुढचा जिम आगीचा, आपला पाण्याचा, सोपंच असणार. कसलं काय.

जिकडे वाचावं तिकडे लिहिलंय की याची ॲबिलिटी (अंगभूत शक्ती) वॉटर बबल आहे, पाण्याच्या मूव्हची (हल्ल्याची) ताकद दुप्पट, आगीचा मार अर्धा, शिवाय बर्न (भाजणं, दर टर्नला थोडी एचपी जाते) होतच नाही. आणि इथे काबूच्या नाइनटेल्सनं विल-ओ-विस्प टाकला की माझा कोळी भाजून निघतोय! वर बबल बीम मारला तर नाइनटेल्स एका फटक्यात जात नाही आणि शेवटचा तो जायगँटामॅक्स (काही टर्न राक्षसी आकाराचा होणारा) सेंटिस्कॉर्च आला की खेळ खल्लास. मुळात पाणी प्रकारचा असून आगीचा मार इतका का लागतो हेही कळत नाहीये. अपडेटमध्ये ॲबिलिटी बदलली का? की बग आहे? (तो बग नव्हे, दुसरा.)

सध्याचे मूव्ह: बबल बीम, बग बाइट, बाइट, ॲक्वा रिंग. जाणकारांनी प्लीज सांगा.

रात्रपाळी

बदललेली नाही. ही ॲबिलिटी २०१६ साली सन आणि मूनमध्ये ड्यूपायडरबरोबरच आली आणि तेव्हापासून बर्नला साफ नकार देते. तुमच्या कोळ्याला बर्न होतोय म्हणजे त्याच्याकडे वॉटर बबल नाहीच, दुसरी काही शक्यताच नाही. समरी उघडा, उजवीकडे सरकत ॲबिलिटीच्या पानावर जा आणि काय नाव लिहिलंय ते इथे टाका. माझा अंदाज आहे, पण आधी तुम्ही बघून सांगा.

झिंगूर

आगीचं उत्तर मी देतो. अरॅक्वॅनिड नुसता पाणी नाही, पाणी आणि बग (कीटक) असा दुहेरी आहे. पाण्यावर आग अर्धी लागते, बगवर दुप्पट, दोन्ही मिळून हिशोब परत एकावर. म्हणजे काबूचा मार तुला पूर्ण लागणार. गवताचंही तसंच, पाण्याला दुप्पट, बगला अर्धं. खरी भीती वीज, उडणारे आणि दगड या तिघांची. उलट लढाई (फायटिंग प्रकार), जमीन, बर्फ, पोलाद, पाणी हे सगळे याला अर्धेच लागतात, म्हणून तर हा टिकतो. आगीचं अर्धं होतं ते फक्त वॉटर बबल असेल तरच.

आणि एक, बर्न झाला की फिजिकल (स्पेशल अटॅकवर नाही, अटॅकवर चालणाऱ्या) मूव्हचा मारसुद्धा अर्धा होतो. तुझे बग बाइट आणि बाइट दोन्ही फिजिकल. त्यामुळे विल-ओ-विस्प बसला की दुहेरी तोटा.

पाणकोळीण

बघितलं. वॉटर ॲब्झॉर्ब लिहिलंय!! हे काय प्रकरण आहे? आणि आता आठवतंय, नेसाच्या जिममध्ये पाण्याचा अटॅक लागला की माझी एचपी (उरलेला जीव) कमी व्हायच्या ऐवजी वाढायची, बाजूला एक पट्टी पण यायची कसलीतरी, पण मी ए दाबत सुटते त्यामुळे काय लिहिलं होतं देव जाणे. मला वाटलं ॲक्वा रिंगचा परिणाम.

रात्रपाळी

झालं, हाच अंदाज होता. वॉटर ॲब्झॉर्ब ही त्याची हिडन, म्हणजे एरवी क्वचित मिळणारी, ॲबिलिटी. पाण्याचा मूव्ह लागला की मार शून्य आणि वर कमाल एचपीच्या पाव हिश्शाइतकं बरं वाटतं. नेसाकडे म्हणून तुम्हाला सोपं गेलं, तिचे सगळेच पाण्याचे. काबूकडे तिचा काडीचा उपयोग नाही.

सरप्राइज ट्रेडमधून आला म्हणालात तिथेच पाल चुकचुकली होती. लोक अंडी उबवत बसतात, त्यातून नको असलेली लेव्हल १ ची पिल्लं ट्रेडमध्ये सोडून देतात. अशा पिल्लांमध्ये हिडन ॲबिलिटीवाले बरेच निघतात आणि गेम ‘ही हिडन आहे’ असं कुठेच लिहीत नाही, नुसतं नाव दाखवतो. बहुतेक पोकेमॉनच्या बाबतीत हिडन मिळाली तर लोक खूश होतात. अरॅक्वॅनिडचं मात्र उलटं, त्याची साधी ॲबिलिटीच सोन्यासारखी आहे.

आकडे बघा. बबल बीमची ताकद ६५. स्वतःच्या प्रकाराचा मूव्ह म्हणून दीडपट, म्हणजे ९७.५. वॉटर बबल असेल तर त्याच्या दुप्पट, १९५. तुमचा अर्धा मार गायबच आहे म्हणा ना. त्यात नाइनटेल्सचा बेस (त्या जातीचा मूळ आकडा) स्पेशल डिफेन्स १००, तुमच्या कोळ्याचा स्पेशल अटॅक बेस ५०. एका फटक्यात नाही जाणार ती.

चिखलदऱ्या

ॲबिलिटी कॅप्सूल (ॲबिलिटी बदलणारी वस्तू) द्या की त्याला, मिटला विषय

रात्रपाळी

नाही चालणार. कॅप्सूल दोन साध्या ॲबिलिटींमध्ये अदलाबदल करते, हिडनला हातही लावत नाही आणि ड्यूपायडरला साधी ॲबिलिटी एकच आहे. क्राउन टुंड्रा या जोडभागात आलेला ॲबिलिटी पॅच साध्यावरून हिडनवर नेतो, पण सोर्ड-शील्डमध्ये परतीची वाट नाही. हिडनवरून साध्यावर पॅचनं यायची सोय पुढे स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये झाली. तिसऱ्या जिमला उभं असताना हे दोन्ही हाताशी नसतातच म्हणा.

झिंगूर

मग राहिले दोन रस्ते. एक, नवा ड्यूपायडर पकडणे. पोकेडेक्समध्ये त्याच्या पानावर हॅबिटॅट बघ, नकाशावर जागा दिसतात. वाइल्ड एरियात (गेममधल्या मोकळ्या रानात) कोण दिसणार ते हवामानावर ठरतं, त्यामुळे आज नसला तर उद्या ये. गवतात फिरणारा धरलास की त्याची ॲबिलिटी वॉटर बबलच असणार, डोळे झाकून.

दुसरा रस्ता नर्सरी (नर-मादी ठेवले की अंडं मिळतं ती जागा), रूट ५ वर आहे ती, तू ऑलरेडी ओलांडून आलीयेस. तुझा कोळी नर की मादी ते सांग आधी, त्यावर सगळं ठरतं.

पाणकोळीण

मादी आहे. पण अरे याचीच सवय झालीये मला, टाकून द्यायचा नाहीये :(

झिंगूर

टाकायला कोण सांगतंय, आई होईल ती! मादी आहे हे फार बरं झालं. मादीकडे हिडन ॲबिलिटी असली तर पिल्लाला ती जायची शक्यता ६० टक्के, म्हणजे उरलेल्या ४० टक्क्यांत वॉटर बबलवालं पिल्लू. दर पाचात दोन, फार वाट बघावी लागू नये. ड्यूपायडरचे अंड्याचे गट दोन, बग आणि वॉटर १, त्यामुळे नर शोधायला लांब जायला नको. रूट १ वरचा ब्लिपबग बग गटातला, चेवटल वॉटर १ मधला, दोघांपैकी कुठलाही नर चालेल. पिल्लू आईच्या जातीचं येतं त्यामुळे ड्यूपायडरच निघणार, काळजी नको. नर असता तर मात्र डिट्टो (जवळजवळ कुणाबरोबरही अंडं देणारा पोकेमॉन) शोधत हिंडावं लागलं असतं.

पिल्लू लेव्हल १ चं असेल पण रेडमध्ये (चौघांनी मिळून राक्षसी पोकेमॉनशी लढायच्या लढाईत) मिळालेल्या एक्स्प कँडी (लेव्हल वाढवणाऱ्या गोळ्या) साठून राहिल्या असतील ना, त्या चार आणि २२ पर्यंत ने.

वल्लरी_के

मधे तोंड घालते, सॉरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पोकेमॉन खऱ्या कोळ्यावरून घेतलाय. युरोप आणि आशियाच्या काही भागांत तळ्यात राहणारा डायव्हिंग बेल स्पायडर, जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याखाली काढणारा एकमेव माहीत असलेला कोळी. पाणवनस्पतींमध्ये रेशमाचं जाळं विणतो आणि पृष्ठभागावरून पोटावरच्या केसांत हवा अडकवून आणून त्या जाळ्याखाली सोडतो, तयार झालेल्या हवेच्या घुमटात राहतो, खातो, अंडी पण तिथेच. आजूबाजूच्या पाण्यातला ऑक्सिजन त्या बुडबुड्यात झिरपत राहतो म्हणून सारखं वर यावं लागत नाही. बहुतेक कोळ्यांत मादी मोठी असते, यांच्यात नर मोठा.

गेमवाल्यांनी ते सरळ उलटं केलं. खरा कोळी पाण्यात हवेचा फुगा घेऊन जातो, ड्यूपायडर जमिनीवर पाण्याचा फुगा घेऊन येतो. मला ही कल्पना अख्ख्या अलोला डेक्समधली (सन-मूनच्या पोकेमॉन यादीतली) सगळ्यात हुशार वाटते, बाकी डिझाइन गेली तेल लावत. आणि अरॅक्वॅनिडच्या पोकेडेक्स नोंदी वाचा कधी, एकीकडे भक्ष्याला फुग्यात बुडवतो आणि दुसरीकडे छोट्या ड्यूपायडरना त्याच फुग्यात घेऊन सांभाळतो. घरातला तापट पण प्रेमळ काका.

ट्रिकरूमवाला

वरची माहिती भारी. पण ताई, तुम्ही त्याला बबल बीम का देताय? स्पेशल अटॅक ५०, अटॅक ७०. या कोळ्याचा खरा मूव्ह लिक्विडेशन, फिजिकल, ताकद ८५, अचूकता १००, शिवाय २० टक्के वेळा समोरच्याचा डिफेन्स उतरतो. दीडपट आणि दुप्पट करा, २५५ होतात. बेस टोटल ४५४ वाल्या पोकेमॉनच्या हातात ही तोफ आहे. डायनामॅक्स केला (काही टर्न राक्षसी मोठा केला) तर तोच १३० चा मॅक्स गीझर, वर पाऊस पडतो आणि पुढचा फटका आणखी दीडपट. आणि मजा म्हणजे बर्नची धमकीच नाही. इतर फिजिकल मारणारे विल-ओ-विस्पला घाबरून असतात, हा ढिम्म.

स्पीड ४२ आहे म्हणून रडू नका, डबल बॅटलमध्ये ट्रिक रूम लावा, पाच टर्न हळू असणारा आधी मारतो. २०१७ च्या व्हीजीसीत (पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धेत) हा वाइड गार्ड घेऊन खेळायचा, दोघांना एकदम लागणारे मूव्ह अडवायला. तो पोकेमॉन सेंटरमधल्या डावीकडच्या माणसाकडून फुकट आठवून घेता येतो. आणि अंड्यातून स्टिकी वेब पण येतो, त्यासाठी बाप गॅल्व्हँटुला घ्यायचा, मग समोर येणारा प्रत्येक जमिनीवरचा पोकेमॉन एक पायरी हळू, आणि

रात्रपाळी

अरे थांब थांब, तिसऱ्या जिमला आहेत त्या. पहिल्यांदा खेळतायत.

ट्रिकरूमवाला

हो हो, राहवलं नाही. ठीक आहे, थोडक्यात: आत्ता बबल बीमच ठेवा, वॉटर बबल असेल तर काबूसाठी पुरून उरतो. लिक्विडेशन लेव्हलनं यायला वेळ आहे, तो टीआर ९८ (मूव्ह शिकवणारी, एकदाच वापरता येणारी डिस्क) आहे, मॅक्स रेडमध्ये किंवा वाइल्ड एरियातल्या वॅटवाल्यांकडे (वॅट हे तिथलं चलन) नशीब असेल तर दिसतो. दिसला की घ्याच, वॅट वाचवून करायचंय काय.

पाणकोळीण

बाप रे किती माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. आई आणि एक ब्लिपबग नर्सरीत सोडलेत, अंडी घेऊन सायकलवर गोल गोल फिरणं चालू आहे. पहिलं पिल्लू वॉटर ॲब्झॉर्बच निघालं, ते ठेवलंय, गोड आहे.

नेचरचं (स्वभाव, त्यानं स्टॅट्स वरखाली होतात) काय करायचं? ॲडमंट बरं असं कुठेतरी वाचलं, पण मी बबल बीम वापरणार असेन तर तो स्पेशल अटॅक कमी करेल ना?

रात्रपाळी

बरोबर ओळखलंत, ॲडमंट अटॅक वाढवून स्पेशल अटॅक उतरवतो. पण दहा टक्क्यांचाच फरक आहे, काबूसाठी त्यात अडकू नका. वॉटर बबल निघालं की ते पिल्लू घ्या, नेचर काहीही असो. गेम संपला की बॅटल टॉवरमध्ये ५० बीपीला (लढून मिळणारे गुण) मिंट मिळते, तिनं स्टॅट्स ॲडमंटसारखे करून घ्या. पुढेमागे ट्रिकरूमवाल्याच्या नादी लागलातच तर ब्रेव्ह, तो स्पीड कमी करतो आणि तिथे तेच हवं असतं.

काबूची लढाई: नाइनटेल्स आणि आर्कनाइन दोघांना नुसता बबल बीम. बग बाइट काढून टाका, आगीवर लागतच नाही धड. सेंटिस्कॉर्च जायगँटामॅक्स झाला की तुम्हीही त्याच टर्नला डायनामॅक्स करा, त्याचा सेंटिफर्नो (जायगँटामॅक्सचा खास आगीचा मूव्ह) लागला तर काही टर्न आगीच्या भोवऱ्यात अडकून थोडी थोडी एचपी जात राहते, पण मूळ मार अर्धाच लागेल. तो आग आणि बग आहे, पाणी दुप्पट लागतं. जवळ दगडाचा एखादा मूव्ह असलेला कुणी असेल तर तोही पार्टीत ठेवा, सेंटिस्कॉर्चला चौपट बसतो.

चिखलदऱ्या

मी पण चेक केला माझा, वॉटर बबल आहे, हुश्श. पण माझ्या अरॅक्वॅनिडला लिक्विडेशन शिकवताना कुठला मूव्ह काढू? लीच लाइफ, क्रंच, लंज आणि स्काल्ड आहेत.

झिंगूर

स्काल्ड काढ. लीच लाइफची ताकद ८० आहे आणि मारता मारता एचपी परत मिळते, तो ठेवायचाच. लंज समोरच्याचा अटॅक उतरवतो पण दोन बग मूव्ह कशाला, पुढे वाइड गार्डला जागा लागली तर त्याचा नंबर.